काळ्या वाळूचा चोर

मर्व्हिन टॉडने छपरीतल्या दिव्याखाली परात कलती केली, चष्मा पुसला आणि पुन्हा नीट पाहिलं. काळ्या वाळूच्या कडेला सोन्याची रेघ होती खरी, पण मांजराच्या मिशीएवढी. थंडी सुरू व्हायच्या आधी हीच रेघ चांगली बोटभर रुंद पडत असे.

"क्लॅरी, आज एवढंच?"

"एवढंच दिसतंय रे," चहाचा मग दोन्ही हातांत धरून त्याचा जुना मित्र क्लॅरी म्हणाला. "समुद्रानं दिलं तेवढं घ्यायचं."

मर्व 'हो' म्हणाला. पण क्लॅरी घरी गेल्यावर त्याने क्लॅरीचा मगसुद्धा तळापर्यंत तपासून पाहिला.

हॉकिटिका गावाच्या दक्षिणेला, जिथे हे दोघं राहायचे, तिथे हिवाळ्यातलं प्रत्येक वादळ किनाऱ्यावरची पांढरी वाळू ओढून नेतं आणि काळी वाळू मागे ठेवतं. तिच्यात सोनं असतं, पण खड्यांचं नाही, दळलेल्या पिठासारखं. ते काढायचं तर एक उतरती लाकडी पन्हळ लागते. तिच्या तळाला जुना गालिचा अंथरायचा, वरून वाळू आणि पाणी सोडायचं. हलकी वाळू वाहून जाते, जड सोनं गालिच्याच्या केसांत अडकून बसतं. संध्याकाळी गालिचा गुंडाळून घरी न्यायचा, टबात खळबळून धुवायचा, वरचं गढूळ पाणी ओतून द्यायचं आणि तळाचा गाळ परातीत फिरवायचा. मर्वच्या बायकोला, नोलीनला, अंगणात चिखल खपत नसे. म्हणून मर्व ते पाणी गुपचूप तिच्या रुबार्बच्या वाफ्याला घालत असे. त्या आंबट लाल देठांचा मुरंबा गावभर नावाजलेला होता.

या हिवाळ्यातल्या सोन्याची मात्र वेगळीच गोष्ट होती. नोलीनची लग्नातली अंगठी फार वर्षांपूर्वी नदीच्या मुखाशी मासे धरताना बोटातून निसटली होती. लग्नाला चाळीस वर्षं होतील त्या दिवशी तिला याच किनाऱ्याच्या सोन्याची अंगठी द्यायची, असं मर्वने ठरवलं होतं. क्लॅरीला कळलं तेव्हा तो म्हणाला होता, "माझा वाटाही घाल तिच्यात. मी कोणाच्या बोटात घालणार आहे?"

आणि आता याच क्लॅरीवर मर्वचा संशय होता. करणार काय? गालिचा धुवायचं काम क्लॅरीचं. त्याच्या हाताला धीर होता. मर्व तोवर चहा करायचा. म्हणजे सोन्याजवळ एकटा कोण असायचा?

दुसऱ्या दिवशी मर्व साळसूदपणे म्हणाला, "तुझी कंबर दुखते ना? उद्यापासून मी धुतो."

"माझी कंबर? ती कधी दुखली?"

"दुखायच्या आधीच काळजी घ्यावी."

क्लॅरीने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मर्वच्या मते, चोर असेच पाहतात.

मर्व स्वतः धुवायला लागला आणि सोनं आणखी कमी झालं. आता रेघ शोधायला भिंग लागू लागलं. मर्वने विचार केला, याचा अर्थ चोरी घरी होत नाही, किनाऱ्यावरच होते! दुपारी जेवायला गाडीकडे जाणं त्याने सोडलं. जेवण पन्हळीशेजारी उभ्याने होऊ लागलं. वाळू भरणं, पाणी सोडणं, गालिचा काढणं, सगळं तो एकटा करू लागला. क्लॅरी नुसता फावड्याला टेकून उभा.

गार पाण्याने मर्वचे हात पार फुटले. नोलीन हळहळली. रविवारी भाजलेल्या मटणाची चरबी ती डब्यात साठवून ठेवी. थंडी पडल्यापासून सकाळी ती त्याच्या हातांना चोळायची. आता दुपारसाठीही एका डबीत भरून देऊ लागली.

"एवढं काय रे मरमर काम करता?" ती विचारायची.

"काही नाही गं. वाळू हलवतो."

"आणि शेजारचा कुत्रा तुझ्या मागं का लागलाय?"

"त्यालाही क्लॅरीनंच पाठवलं असेल," मर्व पुटपुटला.

त्याने छपरीला नवं कुलूप घातलं. परात फुटकी असेल म्हणून नवी आणली. मग जमिनीवर मैदा पसरून ठेवला. सकाळी मैद्यावर पावलं उमटली होती! मर्वने वाकून वाकून त्यांचा माग काढला. ती दारातून टबापर्यंत आणि टबापासून दारापर्यंत जात होती, आणि त्याच्या स्वतःच्या बुटांची होती. त्यावरून मर्वने एकच निष्कर्ष काढला, की क्लॅरी फार हुशार आहे.

शेवटी त्याने सापळा लावला. भर दुपारी तो मोठ्याने म्हणाला, "मी गाडीतून थर्मास घेऊन येतो. वेळ लागेल हं!" आणि वाहून आलेल्या एका ओंडक्यामागे पालथा पडून राहिला.

क्लॅरीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कोटाच्या आतल्या खिशातून एक छोटी बाटली काढली आणि पन्हळीवर वाकला.

"सापडलास!" मर्व ओंडक्यामागून उठला, ओल्या वाळूत घसरला आणि क्लॅरीच्या पायांशी येऊन पोहोचला. "दाखव ती बाटली!"

बाटलीत तळाला सोनं चमकत होतं.

"माझ्या नोलीनचं सोनं!"

"नोलीनचं डोंबल! माझं आहे. तरुणपणापासून साठवलेलं."

"मग पन्हळीवर काय करत होतास?"

"टाकत होतो!"

मर्व वाळूत बसल्या बसल्याच म्हणाला, "सोनं पन्हळीत टाकत होतास? माणसं काढतात रे!"

"काय करणार मग?" क्लॅरीचा आवाज चढला. "मला वाटलं, तूच चोरतोयस."

"मी? माझ्याच बायकोच्या अंगठीतलं?"

"मला धुवायला देईनास. दार लावून एकटाच बसायला लागलास. म्हटलं, हा शर्यतीच्या घोड्यांवर लावत असणार. लाव म्हटलं, तुझं तू बघ. पण त्या बिचारीची अंगठी का बुडावी? म्हणून तुझी पाठ वळली की रोज चिमूटभर टाकत होतो."

"रोज?"

"रोज."

मर्वच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते गालावर उतरायच्या आत त्याच्या डोक्यात दुसरंच आलं. "थांब. तू रोज टाकतोस, मी घेत नाही, आणि तरी कमीच होतंय? म्हणजे चोर तिसराच कोणीतरी आहे!"

दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं. मागे नुसता कुत्रा होता.

घरी छपरीत आल्यावरही क्लॅरीचा राग उतरला नव्हता. त्याने बाटलीतलं उरलेलं सोनं टबातल्या स्वच्छ पाण्यात ओतलं. "घे! हेही घे. मोज, भिंगानं बघ, काय वाटेल ते कर."

सोनं सरळ तळाशी गेलं. मर्वने ओशाळून पाण्यात हात घातला आणि ते गोळा करायला लागला. तसं ते पिवळं पीठ त्याच्या बोटांना चिकटून वर आलं, बोटांपासून सुटलं आणि फुलातल्या परागांसारखं पाण्यावर तरंगू लागलं. तरंगत तरंगत टबाच्या कडेला गेलं. रोज याच कडेवरून मर्व पाणी ओतून देत असे.

"सोनं तरंगतंय," मर्व म्हणाला.

क्लॅरीने त्याचं मनगट धरलं आणि हात नाकाशी नेला. "मर्व, तुझ्या हाताला रविवारच्या जेवणाचा वास येतोय."

सोन्याच्या एवढ्या बारीक कणाला चरबी लागली की त्याला पाणी भिजवू शकत नाही. तो बुडायचं विसरतो. दोघांनाही हे ठाऊक होतं. म्हणून तर ते परात जाळावर तापवून तेलाचा डाग राहू देत नसत. मर्वने परात बदलली होती, कुलूप बदललं होतं, जन्माचा मित्र बदलायला निघाला होता; हात तेवढे पाहायचे राहिले होते. आणि जितकी राखण जास्त, तितके हात जास्त फुटलेले, तितकी चरबी जास्त!

दोघं दाराशी आले आणि रुबार्बच्या वाफ्याकडे बघू लागले.

"काय बघताय तिकडे?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून नोलीन ओरडली. "खबरदार वाफ्याला हात लावलात तर!"

मग सगळं सांगावंच लागलं. अंगठी, चोरी, मैदा, बाटली. नोलीन ऐकत राहिली. मग आत गेली, भांडी घासायच्या साबणाची बाटली घेऊन आली आणि मर्वच्या हातात दिली.

"आधी हात धुवा. रुबार्बचे कंद या महिन्यात खणून वेगळे करायचेच होते. पण एक जरी मुळी तुटली ना, तर अंगठी मीच नदीत टाकीन."

दुसऱ्या दिवशी पन्हळ परसात लागली. माती जात होती, पाणी वाहत होतं, पाण्यात साबणाचा थेंब होता, आणि गालिच्यावर हळूहळू पिवळा पट्टा उमटत होता. कोणाचं सोनं किती, हे आता कोणीच सांगू शकलं नसतं.

इतक्यात कुंपणावरून शेजारच्या बेरिलबाई डोकावल्या. "हे काय चाललंय रे?"

इतके दिवस लपवाछपवी करून मर्वला वीट आला होता. त्याने ठरवलं, आता खरं सांगायचं. "सोनं काढतोय, बेरिलबाई. भाजीच्या वाफ्यातनं."

बेरिलबाईंनी आधी वाफ्याकडे, मग त्याच्याकडे, मग समुद्राच्या दिशेने पाहिलं. "खरी जागा सांगायची नसेल तर नको सांगूस. पण म्हाताऱ्या बाईला असं बनवू नये, मर्व!" आणि त्या तरातरा निघून गेल्या.

"अहो, खरंच सांगतोय!" मर्व कुंपणाकडे धावला. "देवाशपथ! या, बघा हवं तर!"

पलीकडे दार धाडकन लागलं.

मर्व हात लोंबकळत ठेवून उभा राहिला. "क्लॅरी, मी खरं सांगत होतो रे. तरी त्यांनी ऐकलंच नाही."

क्लॅरी फावड्याला टेकला. त्याच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा हसू पसरलं.

"वाईट वाटतं, नाही?" तो म्हणाला.

मर्वने खाली मान घातली आणि गालिचा धुवायचा टब उचलून त्याच्यापुढे ठेवला.