बारा-तेराचा पाना

लग्नानंतर मी स्वतंत्रपणे घेतलेला निर्णय एकच. स्कूटरचं ऑइल घरच्या घरी बदलायचं. त्याआधी मी निर्णय घेत नव्हतो असं नाही, पण ते घेतल्याचं मला नंतर कळवण्यात येई.

मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. दिवसभर दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारून माणसाला कधीतरी वाटतंच, की आपल्या हातूनही काहीतरी घडावं. त्यात मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस गाणं गुणगुणत चार मिनिटांत ऑइल बदलून मोकळा झाला. मला वाटलं, हे तर शिक्का मारण्याहून सोपं आहे.

प्रश्न फक्त हत्यारांचा होता आणि इथेच माझी बुद्धी फिरली. घरात अण्णांची पेटी होती.

अण्णा म्हणजे माझे सासरे, देवळ्याचे गोरक्ष आहेर. स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः खोलून स्वतः जोडणारा माणूस. उन्हाळ्यात ते आमच्या बाथरूमचा नळ दुरुस्त करायला आले (तो मी आधी दुरुस्त केला होता, म्हणून यावं लागलं) आणि जाताना एसटीत ओझं नको म्हणून हत्यारांची पेटी आमच्याकडे ठेवून गेले. ती पेटी एरवी त्यांच्या देवघराखाली असते. दर खंडेनवमीला प्रत्येक पाना, प्रत्येक पक्कड पुसून, हळदकुंकू वाहून तिची पूजा होते. शेजारचे मागून नेतात आणि विसरतात म्हणून प्रत्येक नगावर, भांड्यांवर घालतात तसं, अण्णांनी नाव घालून घेतलंय.

"वापरायला माझी ना नाय," जाताना अण्णा म्हणाले होते. "बावीस नग हायेत. बावीसच राहूद्या."

तर एका रविवारी मी स्कूटरखाली आडवा झालो. ऑइलचा नट खालच्या बाजूला असतो. त्याला बारा-तेराचा (एका तोंडाला बारा नंबर, दुसऱ्याला तेरा) पाना बसला, पण नट हलेना. मी जोर लावला. आणखी जोर लावला. शेवटी व्हिडिओतल्या माणसाचं स्मरण करून पान्याच्या दांड्याला एक लोखंडी पाइप अडकवला आणि सगळं वजन टाकलं. कट्ट असा आवाज आला. नट सुटला या आनंदात मी खाली पाहिलं, तर पान्याचा अर्धा जबडा फरशीवर पडला होता. नट जागच्या जागी होता.

मला घाम फुटला.

तेजस्विनीला, म्हणजे बायकोला, सांगावंच लागलं. ती तुकड्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "अहो, निदान रागावून माहेरी जायची तरी सोय ठेवायची होती."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. अण्णाच होते. यंदा पेटीची पूजा नाशकातच करतो, शनिवारी नवमीला सकाळच्या गाडीनं येतो, असा निरोप. फोन ठेवून ती म्हणाली, "एक लक्षात ठेवा. अण्णा मराठीत ओरडले तर घाबरू नका. अहिराणीत हळू बोलायला लागले, की संपलं."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

सोमवारी हाफ डे टाकून गंगापूर रोडवरच्या एका काचेच्या दुकानात गेलो. आत एसी होता. टाय लावलेल्या पोऱ्यानं विचारलं, "सर, प्रोफेशनल यूज की हॉबी?" मी म्हटलं, "भीतीपोटी." त्याच्याकडे त्यासाठी काही नव्हतं. सुटा पाना मिळत नाही, हत्यारांची अख्खी सूटकेस घ्यावी लागेल, असं त्यानं सांगितलं. त्या किमतीत मी नवीन सासरे आणले असते.

ऑनलाइन पाहिलं. स्वस्त होता, सुटा होता, पण दसऱ्यानंतर येणार होता. खाली एकानं अभिप्राय दिला होता, 'पाना सुंदर आहे, पहिल्याच नटाला वाकला.' मी मोबाइल उलटा ठेवला.

मंगळवारी अंबडच्या कारखान्यांजवळचं हार्डवेअर दुकान गाठलं. मालक चांगला होता, पाना त्याहून चांगला होता, सुटाही होता. पण लख्ख चकचकीत. एकवीस काळ्या पान्या-पकडींमध्ये तो नव्या नवरीसारखा उठून दिसला असता. "जुना दिसेल असा नवा आहे का?" असं विचारल्यावर मालकानं माझ्याकडे संशयानं पाहिलं आणि काउंटरवरचा आपला मोबाइल खिशात घातला.

राहिला बुधवारचा बाजार. गोदाकाठी भाजीवाल्यांच्या पलीकडे ताडपत्रीवर जुनं लोखंड मांडून नवसाबाई नावाच्या बाई बसल्या होत्या. ढिगात बारा-तेराचे तीन पाने निघाले. मी त्यातला सगळ्यात सुबक उचलला.

"नट आणलाय का संगं?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मंग काय मुखडा बघून घेता व्हय?" त्यांनी डब्यातून एक नट काढून पान्यात घातला. तो आत खुळखुळत होता. "त्यो गेला. तोंड फाकलंय त्याचं." दुसरा दगडावर आपटला, बद्द आवाज आला. "ह्यो ओतीव. दाबला की मोडतो." तिसरा आपटला. तो घंटेसारखा वाजला, नटही त्यात घट्ट बसला. "ह्यो घ्या. तुमच्या नातवाला पुरंल. दुकानात जावा नायतर हितं या, नट घालून बघायचा आन वाजवून घ्यायचा. चकाकीवर जायचं नाय."

तीन दिवसांत मला समजेल असं बोललेल्या त्या एकट्याच. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

आता फक्त नाव राहिलं. गुरुवारी भांडी बाजारात नाव घालून देणाऱ्या दीपककडे गेलो. चिठ्ठीवर 'गोरक्ष रामा आहेर, देवळा' असं लिहून दिलं आणि देवळ्याचं कुणी ओळखीचं दिसतंय का ते बघत दुकानाबाहेर लपून उभा राहिलो. पाना हातात आला. एका अंगाला नाव झकास उमटलं होतं. घरी येईपर्यंतही थांबलो नाही, तिथेच कोपऱ्यावर त्याला सगळीकडून जुनं ग्रीस चोपडलं. पाना हुबेहूब अण्णांचा झाला. शुक्रवारी मी कचेरीत चक्क शीळ घातली.

शनिवारी अण्णा आले. चहा घेतला, मांडी घातली, पेटी उघडली. रॉकेलच्या फडक्यानं एकेक नग पुसून पाटावरच्या लाल कापडावर मांडू लागले. तेजस्विनी झेंडूची माळ हातात धरून दारात थिजली होती. मी मनातल्या मनात मोजत होतो.

सतरावा नग बारा-तेराचा होता. अण्णांनी एक अंग पुसलं. नाव वाचलं. मान हलवली. माझा श्वास सुटला. मग त्यांनी पाना उलटा केला, दुसरं अंग पुसलं आणि थांबले. चष्मा लावला.

"हाई काय शे?" ते अगदी हळू म्हणाले.

तेजस्विनीच्या हातातली माळ खाली पडली.

मी वाकून पाहिलं. दीपकनं आयुष्यभर लग्नाच्या भांड्यांवरच नावं घातलेली. हात सवयीनं चालला होता. मागच्या अंगावर सुबक अक्षरात होतं, 'यांजकडून सप्रेम भेट'. आणि खाली परवाची तारीख.

"म्या कोनाले दिधी भेट?" अण्णांनी विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. मोडलेला जबडा खिशातून काढून पाटावर ठेवला. (तो मी आठवडाभर जवळ बाळगत होतो, का ते विचारू नका.) मग समोर बसून घेतलं.

अण्णांनी नवा पाना फरशीवर वाजवला. पेटीतला एक नट त्यात घालून पाहिला. मग पुन्हा मराठीत आले.

"निवडला कोनी?"

"मी. म्हणजे, नवसाबाईंनी. बुधवारच्या बाजारात."

"लय ब्येस हाय. जुन्यापेक्षा चांगला हाय." त्यांनी पान्याला कुंकू लावलं. "आमच्याकडं भल्याभल्यांना आसा निवडता येत नाय."

काय सांगू, बारा वर्षांत सासऱ्यांनी माझं पहिल्यांदा कौतुक केलं होतं. मला एकदम हलकं वाटलं. तेजस्विनीही हसली. मी सावरून बसलो, चहाचा कप हातात घेतला.

"पन जुना मोडला कसा म्हनायचा?" अण्णांनी सहज विचारलं. "तो बी कच्चा नव्हता."

"नट फारच जाम होता, अण्णा. शेवटी पाइप लावून जोर दिला."

"कोन्या अंगाला वळवला?"

मी कप ठेवला आणि दोन्ही हातांनी जोर दाखवला.

"पुन्हा दाखवा."

आता माझी भीड चेपली होती. मी फरशीवर आडवा झालो, वर स्कूटर आहे असं समजून दात-ओठ खाऊन पुन्हा तस्साच जोर दाखवला.

अण्णांनी शांतपणे सगळे नग कापडासकट उचलून पेटीत ठेवले, कडी घातली आणि पेटी स्वतःच्या मांडीवर घेतली.

"तेजू," ते म्हणाले, "मेकॅनिकला फोन लाव. त्याला सांग, नट जाम नाय. पाव्हनं त्यो आवळत व्हते."