दामलेकाकांना नावं ठेवायला बंदी

सिनेमा संपला की लोक पार्किंगकडे धावतात. आमचे दामलेकाका पुढच्या खेळासाठी थांबलेल्या लोकांकडे जातात. कल्याणच्या मल्टिप्लेक्समध्ये मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. पॉपकॉर्न घेऊन उभ्या असलेल्या एका अनोळखी जोडप्यापाशी जाऊन ते हळूच म्हणाले, "नायक शेवटी मरतो. तेवढं एकच बरं आहे. बघा, अजून वेळ गेलेली नाही." त्या मुलाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मी ह्या गृहस्थांना ओळखतच नाही असं दाखवत भिंतीवरची पोस्टरं बघत उभा राहिलो.

काका डोंबिवलीत आमच्याच मजल्यावर राहतात. वय सत्तरीच्या पुढे, पेन्शन चांगली, तब्येत ठणठणीत आणि काहीही न आवडण्याची ताकद अफाट. बरं, ज्यांना काही आवडत नाही ते निदान घरी बसतात. हे प्रत्येक सिनेमाला जातात, प्रत्येक नव्या हॉटेलात जेवतात आणि मग जिन्यात गाठून आपल्याला सगळं ऐकवतात.

"माझं काही म्हणणं नाही," अशी सुरुवात झाली की समजावं, अर्धा तास गेला. ठाण्याला कुठेशी मिसळ खाऊन आले. "माझं काही म्हणणं नाही, पण मटकी शोधायला वेटरला मदतीला बोलवावं लागलं." मी एक बक्षीसपात्र कादंबरी त्यांना वाचायला दिली, ती दोन दिवसांत परत आली. "ती बाई चाळीस पानं खिडकीत उभी आहे. घरात काही काम नाही का तिला?" कोकणात जाऊन आले तेव्हा मी मुद्दामच विचारलं, समुद्र कसा होता? "ठीक," ते म्हणाले. "पण तेच तेच किती वेळ करायचं?"

कादंबरीबद्दल त्यांचं बरोबर होतं, हे मला मान्य करायला हवं. खरं तर मीही काही मोठा गोड माणूस नाही. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारी फुलं आणि सुविचार मी न वाचता पुसून टाकतो. फरक इतकाच की मी मनातल्या मनात चिडतो आणि काका मोठ्याने.

काकू होत्या तोवर हे सगळं घरातल्या घरात चालायचं. काकूंना काहीही आवडायचं. सिनेमा पडेल असो की इडली कच्ची असो, त्या म्हणायच्या, "चांगलं होतं की." मग काका त्यांना पटवायला बसायचे, ते पान गार होईपर्यंत. काकू शेवटपर्यंत पटवून घ्यायच्या नाहीत. भिंतीपलीकडून मला शब्द न् शब्द ऐकू यायचा. काकू गेल्या आणि तो खटला जिन्यात आला.

ह्या हिवाळ्यात सोसायटीची सहल ठरली, बदलापूरजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्रात. सेक्रेटरी म्हात्र्यांनी तिच्यासाठी वेगळा ग्रुप काढला. त्यात काका सोडून सगळे होते. गेल्या सहलीत काकांनी आचाऱ्याला बाहेर बोलावून पुरणपोळी ह्या विषयावर व्याख्यान दिलं होतं, आणि आचारी पंगत अर्धी टाकून निघून गेला होता. त्यामुळे काकांना वगळलेलं सगळ्यांना पटलं, मलाही.

पण एका इमारतीत गुपित किती टिकणार? लिफ्टमध्ये दोन बायका सहलीच्या टोप्यांबद्दल बोलत होत्या, त्या काका आत शिरताच गप्प झाल्या. त्याच संध्याकाळी मी पाण्याची तक्रार घेऊन म्हात्र्यांकडे बसलो होतो, तर काका दारात. इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. "मला सांगायचं राहिलं वाटतं," एवढंच म्हणाले.

म्हात्रे इथले मूळचे. आमची इमारत त्यांच्याच भाताच्या शेतावर उभी आहे. गोड बोलायच्या भानगडीत ते पडत नाहीत. "काका, येवाचा तं या," ते म्हणाले. "पन दिवसभर कशाला नावं ठेवाची नाय. एक शब्द जरी निघला, तं पुढच्या टायमाला नाय."

"ठीक," काका म्हणाले आणि वळून निघून गेले. पुढे काहीतरी येईल म्हणून मी वाट बघत होतो, पण काही आलं नाही.

ते केंद्र म्हणजे एक बैलजोडी, चार झोपाळे आणि पार्किंगभोवती बैलगाडीतून एक चक्कर. 'चुलीवरचं जेवण' अशी मोठी पाटी, आणि पाटीच्या मागे सरळ दिसतील असे दोन गॅस सिलिंडर. भाकरी वाकत नव्हती आणि पिठलं हलत नव्हतं. काकांना असलं घबाड उभ्या जन्मात मिळालं नसेल. सगळी पंगत त्यांच्याकडे बघत होती. एकाने तर मोबाइल धरून ठेवला होता. म्हात्रे समोर येऊन उभे राहिले. "काय काका, कसा हाय पिठला?"

काकांची नजर सिलिंडरवर होती. त्यांनी घास गिळला. "छान आहे," ते म्हणाले, आणि आणखी वाढून घेतलं.

लोक हसले. मला हसू आलं नाही. दिवसभर तो माणूस झोपाळ्याला छान म्हणाला, बैलांना छान म्हणाला, तळमजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या गाण्यालाही छान म्हणाला. आणि दर वेळी म्हात्र्यांकडे बघत होता, त्यांनी ऐकलं की नाही म्हणून. मला संताप आला. कोणाचा ते सांगणं कठीण आहे, बहुतेक आम्हा सगळ्यांचाच.

परतीच्या बसमध्ये काकांच्या शेजारची जागा रिकामी होती. मी जाऊन बसलो. ते खिडकीबाहेर बघत होते. "काका," मी चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो, "पिठलं अगदी भिकार होतं. आणि चूल कसली डोंबलाची, मागे गॅस होता गॅस."

काका झटकन माझ्याकडे वळले. बोलायला तोंड उघडलं, डोळे लकाकले. मग पुढच्या सीटवर म्हात्र्यांचं डोकं दिसलं. काकांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि कानाशी वाकून म्हणाले, "अरे, हळू बोल. पुढच्या वेळी तुलाही नेणार नाहीत."