हजाराच्या आतला घुमारा

वैरागडेकाका आठवले की चेहऱ्याआधी त्यांच्या गळ्यातून निघणारा एक आवाज ऐकू येतो: "घूंऽऽ." खोल, ओलसर, विहिरीत घागर बुडताना यावा तसा. आमच्या अयोध्या नगरातल्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात शिरले की काका काउंटरवर दोन्ही हात टेकून एवढाच आवाज काढत, आणि दुकानदार मुकाट्याने कानात खोचायचे इअरफोन पुढे सरकवी. किंमत हजाराच्या आत हवी, हे त्याला पाठ झालेलं असे.

"पेन्शनीत बसला पाहिजे आणि पोटात गेला पाहिजे," हे काकांचं बासविषयीचं, म्हणजे गाण्यातल्या खालच्या घुमणाऱ्या आवाजाविषयीचं, संपूर्ण तत्त्वज्ञान.

नागपूरहून ते इकडे हिंदी मुलखात, बरखेड्याच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आले आणि निवृत्तीनंतर आमचे शेजारी झाले. त्यांची परीक्षा पाहण्यासारखी असे. इअरफोन कानात, डोळे मिटलेले, तळहात बेंबीच्या किंचित वर. गिऱ्हाईकं खोळंबत. एकदा मागच्या बाईंनी घाबरून विचारलं, "अंकलजी की तबीयत ठीक है न?" दुकानदार शांतपणे म्हणाला, "ठीक है. बास ढूँढ रहे हैं."

निकाल स्वयंपाकघराच्या भाषेत येत. कुठला इअरफोन पातळ वरण, कुठला कच्ची भाकर. बिनवायरचे त्यांना मुळीच मान्य नव्हते. दावं नसलेलं वासरू संध्याकाळी घरी येईल याची खात्री काय, असं ते विचारत. पसंत पडलेला इअरफोन कुंपणावरून माझ्या कानांपर्यंत येई. मी कॉलेजात कविता शिकवणारी. एकदा म्हटलं, या घुमाऱ्यात शब्द बुडतात. पंगतीत बसून ताटावरची नक्षी पाहणाऱ्याकडे पाहावं, तशा कीवेने काका म्हणाले, "शब्द कोण ऐकतं, ताई?"

आठवड्याभरात तोही इअरफोन नापास होई आणि नव्याचा शोध सुरू होई. उतारवयात तारुण्य फुटलं आहे, असा आमच्या गल्लीचा एकमुखी निष्कर्ष होता.

मग एका दुपारी त्यांनी कुंपणावरून हाक मारली. "ताई, जरा येता का? हिच्यापाशी बसा. बाईमाणसाचं ती ऐकेल."

खोलीत निर्गुडीच्या तेलाचा उग्र, हिरवा वास होता. खिडकीशी काकू बसल्या होत्या. डावा हात मांडीवर, कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा. बरखेड्याच्या महिला भजनी मंडळात त्या तबला वाजवीत, हे मला ठाऊक होतं. अर्धांगवायूने डग्ग्याचा तो हात गेला, बोलणंही तुटक झालं. बाकीचं काकांनी दबक्या आवाजात सांगितलं. मंडळाचं एकच रेकॉर्डिंग उरलं होतं. ते त्यांनी हौसेने फोनवर लावलं, तर गळे ऐकू आले, टाळ ऐकू आले, डग्गा नाहीच. "ह्यात मी नाही," एवढं बोलून काकूंनी मान फिरवली. तेव्हापासून मंडळाच्या बायका भेटायला आल्या तरी त्या डोळे मिटून घेत. आपण कधी काही वाजवत होतो, हेच त्यांना खोटं वाटू लागलं होतं.

"माझ्या कानात डग्गा घुमतो नं, ताई. हिच्या कानात गेला की हरपतो."

मी वाकून पाहिलं. काकूंच्या चिमुकल्या कानाच्या तोंडाशी इअरफोन कसाबसा लोंबत होता आणि फटीतून पंख्याची घरघर आत जात होती. रबरी टोपी काकांच्या ऐसपैस कानाच्या मापाची होती. यंत्रांचे सांधे घट्ट बसवण्यात उभी नोकरी घालवलेल्या या माणसाने प्रत्येक इअरफोन स्वतःच्या कानात पास केला होता आणि बायकोच्या कानात नापास. खोक्यात छोट्या टोप्यांची पुडी तशीच बंद होती. मी ती दाखवली.

"त्या लेकरांच्या असतील वाटलं," काका म्हणाले.

मी टोप्या बदलल्या. मऊ रबर दोन्ही कानांत अलगद, घट्ट बसलं. काकांनी रेकॉर्डिंग लावलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी फक्त काकूंकडे पाहत होते. त्यांची नजर एका जागी थांबली. उजवा हात सावकाश सरकत आला आणि डाव्या हातावर टेकला. दाराशी उभ्या काकांचा तळहात आज पोटावर नव्हता, तोंडावर होता.

बऱ्याच वेळाने काकूंनी एक इअरफोन काढून माझ्यापुढे धरला. ओठ जुळवायला त्यांना कष्ट पडले.

"मीच."