दंडाची शाळा

लस टोचून झाली की तायडे सर घरी येऊन बाही वर करतात आणि स्वतःच्या दंडातल्या पेशींचा तास घेतात.

"बसा रे सगळे. हा दुश्मन नीट पाहून घ्या. पुन्हा आला तं ओळखता आला पाह्यजे."

अमरावतीत आमच्या दोन घरांची भिंत एकच, त्यामुळे तास मलाही ऐकू येतो. सरांनी सत्तरी ओलांडली आहे, मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा. वीसहून जास्त वर्षं त्यांना एचआयव्ही आहे. गोळी एकदाही चुकलेली नाही. हे लिहायला त्यांनीच सांगितलं. "नाव लिहा रोगाचं. 'तो आजार' असं लिहान तं मार्क कापीन."

काविळीच्या लसीचे तिन्ही डोस होऊनही त्यांच्या रक्तात संरक्षण तयार झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, एचआयव्ही आणि वय मिळून शरीराची शिकण्याची ताकद कमी करतात. लस धडा देते, पण तो ठसत नाही.

"म्हणजे पोरं नापास," सर म्हणाले. "मंग पुन्हा शिकवू, मॅडम. नापास पोराले मी कधी शाळेतून काढलं नाही."

दुप्पट डोसांनी पुन्हा सुरुवात झाली. टोचल्याच्या तारखा जुन्या हजेरीपटावर, लाल शाईने.

आता माझं. दर्यापूर तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही बरोबर होतो. त्यांना एचआयव्ही असल्याचं कळल्यावर शिक्षकांच्या खोलीत त्यांचा कप वेगळा झाला. 'सरांनी स्वतःच वेगळा मागितला' असं जुने सहकारी आजही सांगतात. ते खोटं आहे. त्या कपाच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका मी लावला. वर्षभरात सर अकोल्याला बदली घेऊन गेले. निवृत्तीनंतर माझ्याच शेजारी राहायला का आले, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

गेल्या महिन्यात रक्ताचा रिपोर्ट आणायला मी त्यांच्यासोबत गेलो. सर पास झाले, काठावर. बाहेर टपरीवर चहा सांगून त्यांनी पिशवीतून स्वतःचा कप काढला. तोच, ठिपक्याचा.

"सर, तो ठिपका मी लावला होता."

"मले माहीत हाय. दोन दिवस तुमच्या बोटाचा रंग गेला नव्हता." फुंकर मारून त्यांनी घोट घेतला. "न्यूमोनियाची लस काहून घेत नाही तुमी? तुमचा खोकला थांबेपर्यंत मले भिंतीपलीकडं झोप लागत नाही."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला नेऊन लस टोचून आणली. घरी आल्यावर माझी बाही वर केली आणि दंडाजवळ वाकले.

"पोरंहो, तुमचे मालक जरासे भित्रे हायत. तुमी भिऊ नका."