चार सेकंदांची गोम

“थांबा! कोनी हलू नका! चोरी हाय हे, सपशेल चोरी!”

शंकरपटाच्या मैदानात, बैलजोड्यांच्या शर्यतीला लोटलेल्या गर्दीसमोर, आमचे शेजारी पुंजाजीकाका डावा हात आभाळात धरून ओरडत होते. जोडी धावून गेली होती. पंचांनी भोंग्यावरून वेळ सांगितली सात सेकंद, आणि काकांच्या मनगटावरचं घड्याळ म्हणत होतं दहा. त्या आवाजानं पोहरादेवीच्या कळसावरची कबुतरं उडाली, असं मी सगळ्यांना सांगतो. पोहरादेवी तिथून किती कोस, हे कृपया कोणी मोजू नये.

“बुवा, तुमचं बटन उशिरा दबलं असन,” पंच म्हणाला.

“माह्यं बटन? हे घड्याळ मोटारीच्या शर्यतीसाठी बनोलं हाय. तुह्या बैलानं त्याले चकवलं काय?”

बटण खरंच उशिरा दबलं होतं. मी शेजारीच उभा होतो. जोडी रेषा ओलांडून गेली, लोकांनी टोप्या उडवल्या, तरी काका त्या पळत्या लाल काट्याकडेच बघत होते. जत्रेत पाळण्याकडे पोरगं बघतं तसे.

आमच्या केनवड गावाच्या कडेला काकांचा वांग्या-मिरच्यांचा मळा आहे. पण काकांचं खरं पीक म्हणजे संशय. बारमाही, आणि त्याला पाणीही लागत नाही. “याच्यात गोम हाय” हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. बाजारात वांगी मोजायच्या आधी काका स्वतः व्यापाऱ्याच्या काट्यावर उभे राहतात. एकदा काट्यानं त्यांना किलोभर जास्त दाखवलं. आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्यांवर काकांनी शक घेतला नाही, काट्यावर घेतला. गोदाकाकू सांगतात, लग्नात मंगलाष्टकं चालू असताना यांनी वाकून अंतरपाटाखालून पाहिलं होतं, पाहिलेली नवरी तीच आहे का म्हणून.

अशा माणसाच्या हातात घड्याळ आलं कसं? धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, अनारसे वाढायचे, वाण द्यायचं ही आपली रीत. काकांची एकुलती एक लेक वंदी पुण्याला दिली आहे. जावई नितीन जेवायला आला, वाण घेतलं, अनारसे खाल्ले, आणि उठताना खिशातून डबी काढून सासऱ्याच्या हातावर हे घड्याळ बांधलं. “आवडलं म्हणून आणलं, बाबा,” एवढंच म्हणाला.

काय घड्याळ ते! काळीभोर तबकडी, तिच्या पोटात आणखी तीन पिटुकल्या तबकड्या, कडेला वेग मोजायचे आकडे, दोन्ही बाजूंना कानासारखी बटणं. वजन असं की काका बांधावरून चालताना डावीकडे कलतात. किंमत कळली तेव्हा मी हिशेब लावला: एवढ्यात ट्रॅक्टर आला असता, ड्रायव्हर आणि ड्रायव्हरची सासू धरून. मी ते एकदाच, अर्धं मिनिट बांधलं. त्या दिवशी घरी जाताना शाळेच्या वळणावर शर्यतीत असल्यासारखी सायकल अशी कलवली, की थेट तुरीत निघालो.

काका मात्र धास्तावले. त्याच संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, “बापू, जवाई सासऱ्याले देते, असं कोठी आयकलं तू? याच्यात गोम हाय. माही वंदी तिकडं दुःखात असन. माह्यं तोंड बंद कराले बांधलं हे.”

“काका, चांगला पोरगा हाय तो.”

“चांगला हाय, म्हनूनच तं शक येते!”

तेव्हापासून काका जगाला मोजू लागले. एसटी थांब्यावर किती थांबली. गुरवानं आरतीतलं एक कडवं कसं खाल्लं. “निघतो” म्हटल्यावर मी खरा किती वेळानं उठलो. (अकरा मिनिटं. त्यात चहा होता.)

एका रविवारी मी ओसरीवर बसलेलो असताना वंदीचा फोन आला. काकांनी फोनचा भोंगा चालू केला. “बरी हायेस काय, बाई?” म्हणाले आणि टक् करून बटण दाबलं. मग पलीकडून “हो, बाबा.” पुन्हा टक्. फोन ठेवल्यावर त्यांनी मनगट माझ्या नाकाशी आणलं.

“पयले एक सेकंद लागे तिले. मांगच्या रविवारी दोन. आज चार.”

“रेंज नसन, काका.”

“रेंज गेली का आवाज तुटते. हा तुटला नाही. थांबला.”

बुधवारी आम्ही दोघं पुण्यात होतो. काकूंना थाप मारली होती की अकोल्याला मिरचीचं बी बघायला चाललो.

वंदीच्या इमारतीसमोर चहाची टपरी होती. तिच्याआड आम्ही बसलो. काकांनी डोक्याला शेला असा गुंडाळला होता, की नुसते डोळे आणि मिशी बाहेर. आठव्या चहानंतर फाटकावरचा चौकीदार आमच्याकडे आला. “कोणाला भेटायचंय?” जन्मभर सगळ्यांवर शक घेणाऱ्या माणसावर शक घेणारा शेवटी कोणी भेटला. “कोनालेच नाही,” काका गरीब आवाजात म्हणाले.

तेवढ्यात फाटकातून स्कूटर आली. म्हणजे ढकलत आणली. पुढं नितीन, मागून वंदी जोर लावतेय. तो किक मारतो, स्कूटर खोकते, बंद पडते. तिसऱ्यांदा ती काहीतरी बोलली आणि हसायलाच लागली. अशी हसली की सीटला धरून रस्त्यावर बसली. तोही हसत तिच्याशेजारी बसला.

काकांनी शेल्यानं चेहरा पुसला. “चाल.”

“आवाज देऊ काय तिले?”

“नको. काहून आले म्हनन. काय सांगू? तुह्या नवऱ्यावर शक होता म्हनून?”

परत घरी पोचलो तेव्हा गोदाकाकू अंगणात मिरच्या निवडत होत्या. वर न बघताच त्यांनी विचारलं, “भेटलं काय बी?”

“नाही. हलकं होतं. पोचट.”

“बी राहू द्या,” काकू म्हणाल्या. “पोरगी कशी हाय?”

काका पायरीवर टेकले. बराच वेळ जोडे काढत राहिले.

“हासून राह्यलती,” म्हणाले.