बापूसाहेब सशाने घेतलेली जुनी रायफल

एका जंगलात, मुलांनो, शिकार बंद होऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यामुळे तिथले ससे फार दुःखी होते.

असं कसं, म्हणून विचारू नका. तुम्ही अजून लहान आहात. मोठे झालात की तुम्हालाही सुखाचा असाच त्रास होऊ लागेल.

पूर्वी त्या जंगलात डाकबंगल्यावरून एक साहेब यायचा. त्याच्याकडे एक लहानशी रायफल होती. वाघाबिघावर चालवायची नव्हे, ससे आणि तितर यांच्यापुरती. पॉइंट टू-टू म्हणायचे तिला. तिचा आवाजही बेताचाच. टप्. टप् झालं की एक ससा कमी व्हायचा आणि बाकीचे पळायचे. पुढे जंगलाला कुंपण आलं, कुंपणावर पाटी आली, साहेब म्हातारा झाला आणि टप् थांबलं. ससे वाढले. सशांची पोटंही वाढली.

तेव्हापासून म्हातारे ससे रोज संध्याकाळी माळावरच्या सपाट खडकावर जमायचे आणि उसासे टाकायचे. त्या सगळ्यांत मोठा उसासा बापूसाहेबांचा असायचा.

"काय दिवस होते!" बापूसाहेब म्हणायचे. "टप् झालं की अंगावर काटा यायचा. नाला एका उडीत पार! आताच्या पोरांना पळणं म्हणजे काय ते ठाऊक तरी आहे का?"

"चालतात हो ती नुसती," झिपरूअण्णा म्हणायचे. हे बापूसाहेबांचे जुने स्नेही. बापूसाहेब जे बोलतील त्याला मान डोलवायची, एवढंच त्यांनी आयुष्यभर मन लावून केलं होतं.

बापूसाहेबांना खरं म्हणजे बंदूक नको होती. त्यांना आपले तरुणपणचे पाय हवे होते. पण ते कुठे विकत मिळत नाहीत, आणि बंदूक मिळते.

ती मिळाली हसमुखशेठकडे. हसमुखशेठ म्हणजे एक तरस. नदीकाठच्या कपारीत त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. गंजलेले सापळे, तुटकी पिंजऱ्याची दारं, वाघाने मारलेल्या गुरांच्या गळ्यातल्या घंटा, असा बराच माल. बापूसाहेब सहज डोकावायला गेले आणि कोपऱ्यात त्यांना ती दिसली. बारीक नळी, काळवंडलेला लाकडी दस्ता, दस्त्यावर एक तिरका ओरखडा.

"हीच ती!" बापूसाहेबांचा आवाज कापला.

"कोणती?" हसमुखशेठने विचारलं.

"माझ्यावर झाडलेली! हा ओरखडा मी ओळखतो. समोरून पाहिलाय."

आता, मुलांनो, पळणाऱ्या सशाला बंदूक समोरून कधीच दिसत नाही. पण हसमुखशेठ पोटासाठी धंदा करत होता. तो तोंडभर हसला.

"अगदी बरोबर ओळखलंत बापूसाहेब! एकाच मालकाच्या हातची आहे. साहेबांनी फार जपून वापरली. तुमच्यावर झाडली असेल तेवढीच."

किंमत म्हणून त्याने माळालगतची करवंदीची जाळी मागितली. बापूसाहेबांचं सगळं बिऱ्हाड धोक्याच्या वेळी त्या जाळीत शिरायचं. पण धोका राहिला होताच कुठे? बापूसाहेबांनी जाळी देऊन टाकली. हसमुखशेठने काडतुसांचा डबा वर फुकट दिला.

"आणि हे बघा," तो म्हणाला, "वापरताना काही पडलं-बिडलं तर मला नुसतं कळवा. मी येऊन उचलून नेईन. त्याचं काही घेणार नाही. सेवा म्हणून."

"हल्ली असा व्यापारी मिळत नाही," असं म्हणत बापूसाहेब रायफल ओढत घरी आले.

घरी त्यांची बायको सरूबाई नातीची लव चाटून साफ करत होती. नातीचं नाव बिटकी. बिटकीची आई बाळंतपणात गेली होती, त्यामुळे तिचं सगळं सरूबाईच करायची. बिटकीवर बापूसाहेबांचा फार जीव. रोज तिला कोवळा हरभरा आणून दिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली काही उतरत नसे.

सरूबाईने रायफल पाहिली आणि तिचा मागचा पाय जमिनीवर धडाधडा आपटू लागला.

सशांची ती फार जुनी रीत आहे. ज्याला धोका दिसेल त्याने पाय आपटायचा. ऐकणाऱ्याने काय झालं, कुठे झालं असलं काही विचारायचं नाही. आधी पळायचं.

"अगं, थांब! ही आता आपली आहे," बापूसाहेब म्हणाले.

"आपली? अहो, तुमचा धाकटा भाऊ हिच्यामुळेच गेला ना?"

"गेला. पण काय गेला! एका गोळीत. आता बघ, पोट फुगून मरतात. त्यात काही शोभा आहे?"

"जाळी काय म्हणून देऊन बसलात? उद्या या पोरीला घेऊन मी शिरू कुठे?"

"शिरायचं कशाला? कोण येणार आहे?" बापूसाहेब हसले. बायका भलतंच पुढचं पाहतात, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी रायफल खडकावर मांडली. जंगलभरचे ससे पाहायला आले. म्हाताऱ्यांनी तिला हुंगलं. एकाला रडू कोसळलं. पण नुसतं पाहून किती पाहणार? तिचा आवाज ऐकल्याशिवाय जुने दिवस परत आल्यासारखे वाटेनात. आणि सशाच्या पंजाने काही घोडा ओढता येत नाही.

मग फांदीकर नावाच्या वानराला बोलावलं. तो डाकबंगल्याच्या गच्चीवर लहानाचा मोठा झाला होता. साहेबाने बंदूक कशी भरली, कशी पुसली, हे सगळं त्याने खिडकीतून पाहिलेलं होतं. काडतुसं जुनी होती, त्यांतली निम्मी फुसकी निघायची. मग फांदीकर काडतूस बाहेर काढायचा, जरा फिरवून पुन्हा आत घालायचा, म्हणजे त्याच्या कडेवर दुसऱ्या जागी ठोका बसायचा. बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागायचं.

टप्!

सगळे म्हातारे एकदम खाली बसले. मग एकमेकांकडे पाहून उठले, आणि त्यांना इतका आनंद झाला की काही विचारू नका.

"पोरांना हे रोज ऐकवलं पाहिजे," बापूसाहेब म्हणाले. "नाहीतर आपल्यामागे हे सगळं विसरलं जाईल."

अशा रीतीने रोजचा कार्यक्रम सुरू झाला. संध्याकाळी पोरांनी माळावर रांगेत बसायचं. फांदीकरने आभाळात एक बार काढायचा. टप् झालं की पोरांनी धावत खडकाशी यायचं आणि बापूसाहेबांनी प्रत्येकाला हरभऱ्याचा एक घाटा द्यायचा. खाऊ नसला तर पोरं संस्कारांना येत नाहीत, हे म्हातारे जाणून होते.

सुरुवातीला एक अडचण आली. बार उडाला की सरूबाई पाय आपटायची. तिच्या मागोमाग दुसऱ्या म्हाताऱ्या आपटायच्या. पोरं बावरायची आणि कार्यक्रमाचा विचका व्हायचा. तेव्हा झिपरूअण्णांनी ठराव आणला की कार्यक्रमात कुणी पाय आपटू नये, ते असंस्कृत दिसतं. ठराव पास झाला. पाय आपटणाऱ्याला 'शू' करायची असं पोरांना शिकवण्यात आलं. पोरं ते पटकन शिकली.

"अहो, त्यांना उलटंच शिकवताय," सरूबाई म्हणाली. "टप् झालं की पळायचं असतं. तुम्ही जवळ यायला शिकवताय."

"आपण पळालो म्हणून काय त्यांनीही पळावं? त्यांना तो आवाज आवडला पाहिजे," बापूसाहेब म्हणाले. "आपल्याला नाही का आवडत?"

"मला नाही आवडत."

बापूसाहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. समोर बिटकी बसली होती. तिचे कान ताठ, डोळे चमकत होते. "आजोबा, आज दोनदा वाजवा ना!" ती म्हणाली, आणि बापूसाहेबांचा ऊर भरून आला. नातवंडांना आपलं काहीतरी आवडतंय, यापरतं म्हातारपणी दुसरं सुख नाही. तेवढ्यासाठी त्यांनी आणखी दोन जाळ्या दिल्या असत्या.

आता झालं काय, की कुंपणापलीकडच्या रस्त्याने एक माणूस रोज जात-येत असे. त्याने रोजचं टप् ऐकलं. त्याला वाटलं, आत शिकार सुरू झालेली दिसते. पाटीकडे कुणी बघत नाही म्हटल्यावर आपणच काय घोडं मारलंय? तो घरी गेला आणि स्वतःची रायफल घेऊन आला. तीही लहानशीच, पॉइंट टू-टू.

त्या दिवशी पोरं माळावर बसली होती. फांदीकर डब्यात हात घालून काडतूस शोधत होता. बापूसाहेब घाटे मांडत होते. तेवढ्यात कुंपणाच्या बाजूने आवाज आला.

टप्!

पोरांसमोरची माती उडाली. पोरं आनंदाने ओरडली आणि उठून कुंपणाच्या दिशेने धावत सुटली. सगळ्यांत पुढे गोदाकाकूंची दोघं होती. गोदाकाकू म्हणजे सरूबाईची शेजारीण. तिची पोरं कार्यक्रमाला कधी उशिरा आली नव्हती, दोघांनाही त्याबद्दल दोनदा शाबासकी मिळाली होती. त्यांच्यामागे बिटकी.

सरूबाईने पाय आपटला. दणादणा आपटला. माळ हादरला.

"शू! आजी, कार्यक्रम चाललाय!" पळता पळता बिटकी मागे वळून म्हणाली.

टप्! टप्!

मुलांनो, म्हाताऱ्यांच्या डोक्यात काय होतं ते सोडून द्या. त्यांच्या पायांना जुन्या जमान्याबद्दल काडीचंही प्रेम नव्हतं. खडक एका क्षणात रिकामा झाला. झिपरूअण्णा ठरावासकट नाहीसे झाले. बापूसाहेबांनी नाला एका उडीत पार केला, पलीकडची चढण चढली, काटेरी झुडपात अंग झोकून दिलं आणि तिथे धापा टाकत पडून राहिले. छाती धडधडत होती. कान गरम झाले होते. अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग त्यांना बिटकीची आठवण झाली.

ते परत गेले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पाय येत नव्हते, तरी गेले. माळावर कुणी नव्हतं. माणूस पिशवी खांद्याला लावून निघून गेला होता. करवंदीच्या जाळीत आता हसमुखशेठ राहत होता, म्हणून सरूबाई आणखी पुढे, एका उघड्या बांधाच्या आडोशाला सापडली. बिटकी तिच्या पोटाखाली होती. सरूबाईने तिला मानेला धरून तिथवर फरफटत आणलं होतं. आणताना एक गोळी चाटून गेली आणि सरूबाईच्या पाठीची लव एका पट्टीत जळून गेली होती.

"गोदाची दोघं?" बापूसाहेबांनी विचारलं.

"एकाला त्या माणसाने नेलं. दुसरं झुडपात पडलं होतं," सरूबाई म्हणाली. "हसमुखशेठ येऊन घेऊन गेला. सेवा म्हणून."

बापूसाहेब खाली बसले. ते रडले, आणि ते रडणं खरं होतं.

"ती बंदूक नदीत टाका," सरूबाई म्हणाली. "मी आणखी काही मागत नाही तुमच्याकडे."

"टाकतो," बापूसाहेब म्हणाले. "उद्याच शोकसभेत सगळ्यांसमोर सांगतो आणि टाकतो."

शोकसभेला तोबा गर्दी झाली. गोदाकाकू आल्या नाहीत, आणि त्याबद्दल काहींनी नाराजी व्यक्त केली. बापूसाहेब बोलायला उभे राहिले. रायफल शेजारीच होती. बंदूक टाकून द्यायची, हे वाक्य त्यांनी वाटेत तीनचारदा घोकलं होतं.

तेवढ्यात झिपरूअण्णा खालून म्हणाले, "बापूसाहेब, काल तुम्ही नाला कसा ओलांडलात हो! मी चढणीवरून पाहिलं. अगदी तरुणपणी ओलांडायचात तसा!"

"हो?" बापूसाहेब म्हणाले.

"सांगा ना, काय झालं ते!"

बापूसाहेबांनी सरूबाईकडे पाहिलं. सरूबाई त्यांच्याकडेच बघत होती. मग त्यांनी समोरच्या गर्दीकडे पाहिलं. सगळे कान त्यांच्याकडे वळलेले होते.

"तसं विशेष काही नाही," ते म्हणाले. "टप् झालं आणि अंगावर काटा आला..."

त्यांनी सगळं सांगितलं. नाल्याची रुंदी सांगता सांगता बरीच वाढली. टाळ्या पडल्या. बंदूक टाकायचं राहून गेलं. शेवटी सभेने असा निष्कर्ष काढला की दोन पोरं गेली याचं कारण आजच्या पिढीला जुन्या गोष्टींची पुरेशी ओळख नाही, हेच आहे. म्हणून कार्यक्रम इथून पुढे सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा व्हावा. फांदीकरला आणखी काडतुसं आणायला पाठवलं.

सरूबाई उठून घरी गेली. ती पुन्हा बापूसाहेबांशी बोलली नाही. त्यांचं जेवण मात्र काढून ठेवायची.

पावसाळा संपला. नवी पिल्लं जन्मली. एका संध्याकाळी बापूसाहेब खडकावर आले, तर त्यांच्या जागेवर बिटकी बसली होती. समोर पिल्लांचा घोळका. ती त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघत होती.

"तुम्हाला काय कळणार!" बिटकी म्हणाली. "आमच्या लहानपणी खऱ्या गोळ्या यायच्या. समोरून! काय दिवस होते!"

"मग तुम्ही पळालात?" एका पिल्लाने विचारलं.

"छे!" बिटकी म्हणाली. "मी तर गोळीकडेच निघाले होते. आजीने उगाच ओढलं."

बापूसाहेबांचे डोळे भरून आले. आपण लावलेल्या वळणाचं चीज झालं असं त्यांना वाटलं. घरी जाऊन हे सांगावं असंही वाटलं, पण घरात त्यांचं ऐकणारं कुणी नव्हतं. म्हणून ते पिल्लांमध्येच जाऊन बसले आणि घाटे वाटायला लागले.

तात्पर्य : जुना काळ चांगलाच होता, याबद्दल मनात शंका आणू नये. ज्यांना तो वाईट गेला, त्यांच्यापैकी एकही जण आजवर तक्रार घेऊन आलेला नाही.