पेढा म्हणजे नॉर्मल, बर्फी म्हणजे सिझर

माणसाचा जन्म ही अत्यंत गंभीर बाब आहे, आणि गंभीर बाब कधीही एकट्या माणसावर सोपवू नये. जिला बाळंत व्हायचं आहे तिच्यावर तर मुळीच नाही. तिचे पाय सुजलेले असतात, झोप धड होत नाही, त्यात निर्णयाचा भार कशाला? नालवाडीतल्या आमच्या कॉलनीने हा भार आनंदाने उचलला. ती हकीकत इतर कॉलन्यांना मार्गदर्शक ठरावी म्हणून लिहून ठेवतो. मी रहिवासी मंडळाचा सचिव आहे. (बिनविरोध. दुसरं कोणी तयार नव्हतं.)

प्रकरण असं की, निवृत्त कार्यालय अधीक्षक नरहरराव आणि सुमतीताई यांची सून वर्षाली दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिल्या खेपेस बाळ पायाळू होतं, म्हणून सिझर करावं लागलं. या खेपेस आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की जुना छेद आडवा आहे, मध्ये चार वर्षं गेली आहेत, बाळाचं डोकंही खाली आहे, तेव्हा नॉर्मलचा प्रयत्न करता येईल. अशा बायांपैकी निम्म्याहून बऱ्याच जास्त नॉर्मल होतात. जुना टाका उकलण्याचा धोका थोडा असतो, पण असतो, म्हणून प्रयत्न करायचा तर ऑपरेशनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच. थेट दुसरं सिझर करायचं तर त्याचेही फायदे आहेत आणि धोकेही आहेत. "सावकाश विचार कर आणि मला सांग," असं त्या वर्षालीला म्हणाल्या. शेजारच्या खुर्चीवर सुमतीताई बसल्या होत्या, त्यामुळे संध्याकाळपर्यंत अख्खी कॉलनी विचार करू लागली.

मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मतदान घेण्यात आलं. (ग्रुपवर वर्षाली नाही. सुना दुसऱ्या ग्रुपवर असतात, तिथे रांगोळीचे फोटो येतात.) नॉर्मलला एक्केचाळीस मतं पडली, सिझरलाही एक्केचाळीसच. सात जणांनी 'आधी नळाचं पाणी केव्हा येते ते सांगा' असा उपप्रश्न मांडला आणि उरलेल्यांनी नुसते हात जोडले. मत देणाऱ्यांत पुरुषांचं प्रमाण लक्षणीय होतं. त्यांना या कामाचा कसलाही अनुभव नसल्यामुळे त्यांची मतं पूर्वग्रहापासून पूर्ण मुक्त होती, ही जमेची बाजू म्हणावी लागेल.

मतं समसमान पडल्यामुळे प्रकरण नरहररावांच्या दिवाणखान्यात रोज संध्याकाळी सुनावणीस येऊ लागलं.

सिझरची बाजू सुमतीताईंनी मांडली. सिझरमध्ये पत्रिका आपल्या हातात राहते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. त्यासाठी गणिताचे निवृत्त मास्तर प्रेमदासजी यांच्याकडून तीन मुहूर्तही काढून आणले होते. त्यातल्या पहिल्या दिवशी रविवार येत होता, दुसऱ्या दिवशी नरहररावांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, सबब तिसरा दिवस शुभ ठरला.

नॉर्मलची बाजू वर्षालीच्या माहेरची. रोहण्याहून कुंताबाई आणि नत्थूबुवा वांगी, सांबार (म्हणजे आपली कोथिंबीर) आणि ठाम मत घेऊन आले होते.

"माह्ये चारई लेकरं घरीच झाले," कुंताबाई म्हणाल्या. "सकाऊन भाजी तोडली अन् दुपारी हे वर्षाली झाली. तुमी काऊन पोरीचं पोट घडीघडी फाडून राह्यले, इहीनबाई?" (वर्षाली धरून भावंडं तीनच आहेत. चौथ्या लेकराचं काय झालं हे कुणी विचारलं नाही, आणि कुंताबाईंनीही सांगितलं नाही.)

"तो जमाना गेला, इहीनबाई," सुमतीताई म्हणाल्या. "आता कोणी कळा काढत बसते का?"

नत्थूबुवांनी "तुमी शिकेल मानसं हा" एवढं बोलून चिवड्याची प्लेट जवळ ओढली. वर्षालीचा नवरा अनुप बँकेत आहे. त्याने दोन्ही बाजूंचे व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहिले होते. आईचंही बरोबर आहे आणि सासूबाईंचंही, असा निष्कर्ष काढून तो गाडी धुवायला गेला.

वर्षालीला कुणी विचारलंच नाही, असा आरोप पुढे काही लोकांनी केला. तो निराधार आहे. तिला रोज विचारलं जात होतं, की चहा टाकला का. एकदा चहाचा ट्रे ठेवताना ती आपणहून बोललीसुद्धा.

"मागच्या टायमाले टेबलावर झोपवलं, तवा मले समजलं का सिझर होऊन राह्यलं म्हनून. बाहेर तुमच्या सह्या होऊन गेलत्या. मले कोनीच काही सांगतलं नाई. लई भेव वाटलं होतं मले, बाबा. अजूनही वाटते."

यावर नरहररावांनी चहात साखर कमी असल्याचं निदर्शनास आणलं आणि पुढचं कामकाज सुरू झालं.

तरीही कोंडी फुटेना. अखेर नरहररावांनीच तोडगा काढला, आणि तो इतका समतोल होता की मी जागेवरच अनुमोदन दिलं. डोहाळजेवणात दोन झाकलेल्या वाट्या ठेवतात हे सर्वांना ठाऊक आहे. पोटुशी बाईनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. नरहररावांनी सुशिक्षित माणूस या नात्याने हा प्रकार मागासलेला म्हणून बंद केला, आणि त्याच वाट्या शास्त्रीय कामाला लावल्या. पेढा निघाला तर नॉर्मल, बर्फी निघाली तर सिझर.

"तिच्याच हातानं निकाल लागते," ते म्हणाले. "उद्या कोणी म्हणायले नको, का सुनेले विचारलं नाई."

नववा लागताच डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा. खुर्च्या मंडळाच्या. वर्षालीसमोर दोन वाट्या आल्या तेव्हा गाणी म्हणणाऱ्या बायकाही उठून जवळ आल्या. तिने उजवीकडची वाटी उघडली. आत पेढा होता.

कुंताबाईंनी टाळी वाजवली. सुमतीताई मात्र खुर्चीवरून उठल्या.

"पेढा कसा काय निघाला? मी तर दोन्हीत बर्फी ठेवली होती!"

"म्हनूनच तं मी दोन्ही बदलल्या, मायबाई!" कुंताबाई म्हणाल्या.

निवडणुकीच्या इतिहासात दोन्ही पक्षांनी इतक्या प्रांजळपणे गैरप्रकार कबूल केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. मी तातडीने फेरनिवडणुकीचा प्रस्ताव मांडला. वाट्यांवर पहारा कोणी द्यायचा यावरून वाद सुरू झाला. तोवर वर्षालीने पहिला पेढा खाल्ला, डावीकडची वाटी उघडून दुसराही खाल्ला, आणि पदराला हात पुसले.

"मी डॉक्टरीणबाईले सांगून आली मंगळवारी," ती म्हणाली. "एकटीच गेलती. त्यायनं चित्र काढून सगळं समजावलं. काय होऊ शकते, कवा घाई करा लागते, सगळं. पह्यल्यांदाच मले नीट झोप लागली."

"पण काय सांगितलं तू?" हा प्रश्न एकाच वेळी सगळ्यांनी विचारला. अख्ख्या प्रकरणात एकमत झालं ते इथेच.

"ते त्यायले सांगतलं न," वर्षाली म्हणाली, आणि झोपाळ्याला हळूच झोका दिला.

याला काय म्हणावं? एवढं मतदान, एवढे मुहूर्त, दोन किलो मिठाई, आणि बाई परस्पर निर्णय घेऊन मोकळी! कॉलनीत दुखवट्यासारखं वातावरण होतं. सुमतीताई दोन दिवस जेवल्या नाहीत. (फराळ घेतला.) अनुपने तिसऱ्यांदा गाडी धुतली, आणि मग काय वाटलं कोणास ठाऊक, पुढच्या तपासणीला तो रजा टाकून तिच्याबरोबर गेला.

यथावकाश बाळ झालं. मुलगी आहे, आवाज खणखणीत आहे, मायलेकी सुखरूप आहेत. दवाखान्यातून येताना वर्षाली हसत होती, हे मी स्वतः गॅलरीतून पाहिलं.

आता ती नॉर्मल झाली की सिझर, ही माहिती मंडळाकडे अर्थातच उपलब्ध आहे. मात्र नियमानुसार ती फक्त सभासदांना देता येते. सभासदत्वाची अट एकच आहे: ज्या बाईशी आपलं कसलंही नातं नाही, ती कशी बाळंत झाली हे कळल्याशिवाय जिवाला चैन पडता कामा नये. मायलेकी सुखरूप आहेत हे वाचूनही आपण थांबला नाहीत, या ओळीपर्यंत आलात, आणि काय शोधत आलात ते आपल्याला माहीत आहे. वेगळा अर्ज करण्याची गरज नाही. आपलं नाव मी ग्रुपमध्ये टाकलं आहे.